उधईचें घर आणि विषाची भुकटी

आमच्या तळोद्याच्या घरांत सागाचे खांब होते. तेव्हां गांव धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. साग असल्यावर उधईची, म्हणजे वाळवीची, भीति नाहीं, असा वडिलांचा विश्वास होता. तो अर्धाच खरा. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा तोंड लावीत नाहीं. बाहेरचें पांढरें लाकूड मात्र सोडीत नाहीं. १९८५ च्या सुमारास तिनें फडताळांत शिरून जमिनीच्या खरेदीखताची चाळण केली. मी बी. एच. सी. ची भुकटी आणून भिंतीच्या कडेनें ओंजळींनीं पसरली. आठ दिवस शांतता. मग दुसऱ्या खोलींत मातीच्या नळ्या दिसूं लागल्या.

चूक कोठें झाली? आपणांस दिसतात ते केवळ मजूर होत. राणी व पिलें जमिनीखालीं वारुळांत राहतात. वारुळें बांधणाऱ्या आपल्याकडील जाती तेथें चावलेल्या लाकडावर बुरशीची बाग लावितात आणि तिच्यावर सारें कुटुंब पोसतें. भिंतीकडेचें विष तेथवर पोंचत नाहीं. उलट मजूर ती वाट मातीनें बुजवून दुसरी काढितात.

विष आंत नेऊं शकतो तो मजूरच. वाळवी एकमेकींचीं अंगें चाटून स्वच्छ करिते, तोंडांतला घांस वांटून घेते. म्हणून चालत्या नळीस बारीक भोंक पाडून रबरी फुग्याच्या पिचकारीनें चिमूटभर कोरडी भुकटी आंत फुंकावयाची व भोंक बुजवावयाचें. नळी फार उकरल्यास मजूर ती सोडून देतात. विषहि मंद हवें. तत्काळ मरणारा मजूर घरीं कांहींच नेत नाहीं. ऑस्ट्रेलियांत याकरितां अनेक दशकें सोमल वापरीत. पुढें फिप्रोनिल आणि कात टाकण्यांत अडथळा आणणारें ट्रायफ्लूम्युरॉन यांच्या भुकट्या आल्या.

बी. एच. सी. वर भारतांत १९९७ सालीं बंदी आली. माझ्या ओंजळी पडल्या त्याच भिंतीशीं आईच्या ज्वारीच्या कणग्या होत्या, आणि ती ज्वारी आम्हीं वर्षभर खाल्ली. खताची नक्कल कचेरींतून मिळाली, हें त्यापुढें किरकोळच. तेव्हां भुकटीचें काम जाणत्या, परवानाधारक माणसाकडूनच करवावें. आपण भिंतीची ओल काढावी, सरपण जमिनीवर रचूं नये, आणि पंधरा दिवसांनीं नळी थोडी खरवडून ठेवावी. ती पुन्हां मातीनें सांधलेली दिसली, तर खालीं राणीचें कुटुंब नांदत आहे असें समजावें.