हीटर प्लगचा कनेक्टर निघत नाही?

उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे डिझेल इंजिन चालू होते ते हीटर प्लगच्या, म्हणजे ग्लो प्लगच्या भरवशावर. त्याचे टोक ८०० अंशांपलीकडे तापते.

प्लग बदलताना घोळ होतो वायरच्या कनेक्टरपाशी. इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होते, आत गंज आणि तेलकट धूळ साचते.

जाणता मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो, हवा मारून कचरा उडवतो. इंजिन कोमट असेल तर प्लास्टिक कमी तडकते. वायर ओढायची नाही. कनेक्टर मुळाशी नोज प्लायरने हलकेच धरून, किंचित फिरवत सरळ वर काढायचा. तिरका जोर दिला, की प्लगचे टर्मिनलच मोडते.

कनेक्टर फुटलाच तर तुकडे वेचून टर्मिनल साफ करावे आणि वायरीला उष्णता सोसणारा नवा कनेक्टर बसवावा. वायर नुसती पिळून बांधू नये. १२ व्होल्टचा प्लग सुरुवातीला १० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचतो. सैल सांधा तापतो.

कनेक्टर निघालाच आहे तर मल्टिमीटरही लावून पाहावा. थंड, चांगल्या प्लगचा रोध साधारण १ ओहमच्या आसपास असतो. सर्किट तुटलेले दिसले, तर प्लग बाद.