झुडूप एक, चहा अनेक

हिरवा आणि काळा चहा वेगवेगळ्या झाडांचा, हा समज जुना आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनेही १७६२ साली त्यांना दोन स्वतंत्र जाती ठरवलं होतं. १८४०च्या दशकात चीनमधले मळे पाहून आलेल्या रॉबर्ट फॉर्च्यूनने दोन्ही एकाच झुडपापासून होतात, हे युरोपीय वाचकांना सांगितलं. खरा फरक पडतो तो खुडणीनंतर. पान चुरगळलं की त्यातलं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने कॅटेचिन या घटकांचं रूप पालटतं. रंग तांबूस होतो, तुरटपणा मवाळतो. चीनमधल्या हांगचौचा लोंगचिंग हा हिरवा चहा करताना ताजी पानं तापल्या कढईत हाताने दाबत परततात. विकर निकामी होतं आणि चहा हिरवा राहतो. फूच्येनच्या वूयी डोंगरातल्या ऊलाँग या हिरव्या-काळ्याच्या मधल्या चहाची पानं हलवून मुख्यतः कडाच दुखावतात. त्या लालसर झाल्या की पानं परततात.

मग माती, हवा आणि वाण यांना किंमतच नाही? आहे, आणि बरीच आहे. काही वाण हिरव्या चहाला अधिक मानवतात, डोंगरागणिक सुगंधही बदलतो. पण त्याच पानांचा हिरवा चहा करायचा की काळा, याचा निकाल कारागिराच्या हाती असतो. हिरव्या चहावर उकळतं पाणी ओतू नये, तेही यामुळेच: त्यातले न पालटलेले कॅटेचिन भराभर उतरून पेला कडू करतात. ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं.