मुक्काम बदलला, सेटिंग बदलली

घरी सुरळीत चालणारा लिनक्सचा लॅपटॉप ऑफिसात नेला की कधी कधी वेबसाइट उघडत नाही, प्रिंटर दिसत नाही, मेल आउटबॉक्समध्येच अडकून पडतो. बिघाड कशातच नसतो. ऑफिसचं इंटरनेट प्रॉक्सीमार्गे जातं एवढंच; आणि घरच्या इंटरनेट कंपनीचा मेल सर्व्हर परक्या जोडणीवरून आलेला मेल पुढे धाडायला तयार नसतो.

आयपी पत्ता, गेटवे आणि डीएनएस यांची कटकट डीएचसीपीने मिटवली. त्याचं आज चालणारं मानक १९९७ सालचं. प्रॉक्सी, फायरवॉल, मेलची वाट हे मात्र बहुधा मालकाच्याच गळ्यात राहिलं. जुने डेबियनवाले एका फाइलीत घर, ऑफिस असे वेगवेगळे विभाग लिहून ठेवत आणि जागा बदलली की कुठला विभाग लावायचा ते 'आयएफअप' या कमांडला सांगत. सांगायला विसरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खरी मेख सेटिंग बदलण्यात नव्हतीच. आपण कुठे आहोत, हे यंत्राला कळणार कसं?

एन्रिको झिनी यांच्या 'गेसनेट' या प्रोग्रॅमने यावर नामी युक्ती काढली. प्रत्येक ठिकाणच्या एखाद्या ओळखीच्या यंत्राचा आयपी आणि मॅक पत्ता आधीच नोंदवून ठेवायचा. केबल लावली की प्रोग्रॅम एआरपीने पुकारा करतो: १९२.१६८.१.१ कोण? उत्तर देणाऱ्याचा मॅक नोंदीशी जुळला, की त्या ठिकाणचा विभाग लागू. मॅक कशाला, तर हा आयपी खासगी वापरासाठी राखलेल्या पत्त्यांपैकी आहे आणि तो असंख्य राउटरांना असतो. नुसत्या आयपीवर विसंबणं म्हणजे 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढ्यावर घर शोधणं. हाच विचार २००६ मध्ये आरएफसी ४४३६ या मानकात आला: जुन्या गेटवेला थेट त्याच्या मॅकवर हाक मारा; ओ आली आणि पत्त्याची मुदत संपलेली नसली, तर तोच पत्ता चालू ठेवा.

रेड हॅटने २००४ मध्ये आणलेल्या नेटवर्कमॅनेजरने हे काम सामान्यांच्या आवाक्यात आणलं. प्रत्येक वायफायचं वेगळं प्रोफाइल, त्यात डीएनएस आणि फायरवॉलचा झोनही: घरी 'होम', स्टेशनवर 'पब्लिक'. उरलेलं काम त्याच्या 'डिस्पॅचर' फोल्डरमधल्या स्क्रिप्ट करतात. जोडणी झाली की त्यांना इंटरफेसचं नाव आणि 'अप' हा शब्द मिळतो. मग मेलचा रिले बदला, बॅकअप सुरू करा, काय हवं ते. फक्त फाइल रूटच्या मालकीची हवी आणि इतरांना तिच्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर ती चालतच नाही. नवखे इथेच तासन्‌तास डोकं खाजवतात. पण ही अट रास्तच आहे, कारण स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते.

वायफायच्या नावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. विनापासवर्डच्या वायफायचं नाव कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतो. प्रोफाइल एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटच्या बीएसएसआयडीशी, म्हणजे त्याच्या मॅक पत्त्याशी, बांधता येतं. पण मग मोठ्या ऑफिसात मजला बदलला की जोडणी तुटते.

'एज्युरोम' या विद्यापीठांच्या वायफायची गंमत याच्या उलट. जगभर त्याचं नाव मुद्दामच एक ठेवलंय. भारतात त्याची व्यवस्था अर्नेट ही संस्था बघते. नाव एकच, पण प्रिंटर आणि प्रॉक्सी जागोजागी निराळे. अशा वेळी स्क्रिप्टने नाव सोडून डीएचसीपीने दिलेलं डोमेन तपासावं. नेटवर्कमॅनेजर ते स्क्रिप्टला आयतं पुरवतो.