एसटीची पाटी आणि पदवीची पाटी

जून उजाडला की आमच्या घराला स्वारगेटच्या फलाटाची कळा येते. एसटी स्टँड चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे सातारा, कराड, सांगली, बार्शीकडून पहाटेच्या गाडीला बसलेले नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे मेहुणे नऊ-दहाच्या सुमारास दारात हजर. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात बारावीची मार्कलिस्ट आणि दाखला, मागे मोबाइलमध्ये डोकं घातलेलं पोर. मी काही वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. तेवढ्या पुण्याईवर ‘सर फुकट सल्ला देतात’ असा बोभाटा पंचक्रोशीत झालेला आहे.

अलीकडे या मंडळींच्या तोंडून एकच वाक्य येतं, जणू सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवून घेतलंय: “परराष्ट्र सेवेत जायचं तर पदवी इंटरनॅशनल रिलेशन्सचीच लागते, आणि ती लिबरल आर्ट्स कॉलेजातच मिळते.” यंदा कराडहून आलेल्या एका गृहस्थांनी त्यात भर घातली. कुठल्याशा समुपदेशकानं पैसे घेऊन त्यांना सांगितलं होतं की साधं बी.ए. केलेल्यांचे अर्ज यूपीएससी बाजूलाच काढून ठेवते. तीन एकर ऊस, दोन मुली. थोरलीच्या चार वर्षांच्या फीसाठी रानाचा कुठला तुकडा काढायचा, हेही त्यांनी वाटेत बसमध्ये ठरवून टाकलं होतं. तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

भारतीय परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नाही. कलेक्टर ज्या नागरी सेवा परीक्षेतून येतात, तिच्यातूनच राजदूतही येतात. अर्ज करताना सेवांचा पसंतीक्रम द्यायचा, आणि गुणवत्ता यादीतला क्रमांक व त्या वर्षीच्या जागा पाहून सेवा मिळते. परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला काही डझन, त्यामुळे क्रमांक वरचा लागतो. पण शैक्षणिक अर्हता काय? मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी. कोणतीही म्हणजे कोणतीही. विषय, कॉलेज, फीची पावती, यातलं आयोग काही विचारत नाही. दरवर्षीची जाहिरात आयोगाच्या संकेतस्थळावर असते, आणि अर्हतेचा परिच्छेद वाचायला रसवंतीत उसाचा रस येईपर्यंतचा वेळ पुरतो. तरी तो कुणी वाचत नाही, सगळे एकमेकांना विचारतात.

ही अफवा आली कुठून याचा मी बराच विचार केलाय. एक धागा असा असू शकेल: ‘आयएफएस’ नावाच्या सेवा दोन आहेत. एक परराष्ट्र, दुसरी वन. वनसेवेला खरोखरच विषयांची अट असते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, भूगर्भशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एखादा पदवीला हवा, नाहीतर कृषी किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. एका आयएफएसची अट दुसऱ्याला चिकटली असेल. दुसरं कारण आपल्या डोक्याच्या घडणीत आहे. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस, वकील व्हायचं तर एलएल.बी., मग राजदूत व्हायचं तर राजदूतकीची पदवी असणारच! स्टँडवर कोल्हापूरची पाटी लावलेली गाडी कोल्हापूरलाच जाते. पदवीची पाटी तशी नसते, हे पटायला जड जातं.

आता गुणांचा हिशेब करू, कारण नियम सांगूनही समोरचा “तरी पण फायदा होत असेल ना?” असं म्हणतोच. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ची, एकूण २०२५. त्यात ऑप्शनल विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० गुण. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा ऑप्शनल घेतला, तरी आंतरराष्ट्रीय संबंध येतात ते मुख्यतः दुसऱ्या पेपरात. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात आणखी एक तुकडा. बाकी सगळं निबंध, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान, नीतिशास्त्र. म्हणजे पदवीला जीव तोडून फक्त आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेल्याला थेट आधार मिळतो तो, माझ्या हिशेबानं, फार तर तीनशे-साडेतीनशे गुणांपुरता. शिवाय ऑप्शनल पदवीचाच घ्यावा असंही नाही. इंजिनिअर मंडळी सर्रास राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतात.

एवढ्यानंही भागलं नाही तर मी माणसं मोजायला लागतो. निरुपमा राव २००९ ते २०११ परराष्ट्र सचिव होत्या. एम.ए. इंग्रजी साहित्याचं, आणि तेही कुठलं? औरंगाबादच्या तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाचं. विजय गोखले, २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव, चीनचे नावाजलेले जाणकार, एम.ए. इतिहासाचे. गौतम बंबावाले यांनी भूतान, पाकिस्तान आणि चीन या तीन शेजाऱ्यांकडे लागोपाठ भारताचं प्रतिनिधित्व केलं. त्यांचं एम.ए. अर्थशास्त्राचं, आपल्या गोखले इन्स्टिट्यूटचं. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून शिकलेले. १९८३ साली परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. “आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर?” हा प्रश्न येतोच. त्यांची पीएच.डी. आंतरराष्ट्रीय संबंधांतली आहे, जेएनयूची. पण पहिली पदवी रसायनशास्त्राची!

कराडच्या पाहुण्यांना मी यशवंतराव चव्हाणांचीही आठवण करून दिली. १९७४ ते ७७ ते देशाचे परराष्ट्रमंत्री होते. बी.ए. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली, इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन. ते मंत्री म्हणून गेले, परीक्षा देऊन नव्हे, हे मान्य. पण कराडच्या माणसासमोर हा दाखला सोडणं मला जमलं नाही.

इथं गाडी उलट्या दिशेनं घसरते, तीही थांबवायला हवी. माझं एवढं ऐकून गृहस्थ खुशीत म्हणाले, “म्हणजे हे लिबरल आर्ट्स नुसतं फॅडच म्हणा की!” तसंही नाही हो. या शब्दाचा घोळ ‘आर्ट्स’पासून सुरू होतो. आपण त्याचं ‘कला’ केलं आणि मग कुणाला चित्रकला आठवते, कुणाला कमी मार्कांची शाखा. ‘लिबरल’ म्हटलं की काहींना टीव्हीवरच्या चर्चेतली शिवी ऐकू येते. मूळ अर्थ स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या असा आहे. मध्ययुगीन युरोपात त्या सात होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. म्हणजे गणित त्यात पहिल्यापासून आहे. आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा गाभा एवढाच की पहिल्या वर्षी एका विषयाला जन्माची गाठ बांधायची नाही. चार-सहा विषय चाखायचे, मग एक मुख्य निवडायचा, दुसरा जोडीला ठेवायचा, आणि सगळ्यांत भरपूर लिहायचं.

आंतरराष्ट्रीय संबंधांना ही पद्धत मानवते, कारण हा विषय मुळातच उसनवारीचा आहे. त्याचं पहिलं अध्यासन १९१९ साली, पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला निघालं. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, भूगोल यांच्याकडून हातउसने घेऊनच त्याचा संसार उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले कोफी अन्नान अमेरिकेतल्या मॅकॅलेस्टर या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचे विद्यार्थी, १९६१चे पदवीधर. तिथं त्यांचा विषय होता अर्थशास्त्र.

पुण्यात या वळणाची कॉलेजं आहेत. लवळ्याचं फ्लेम २००७ साली सुरू झालं आणि पुढे खासगी विद्यापीठ झालं. सिम्बायोसिसचं स्कूल फॉर लिबरल आर्ट्स विमाननगरला आहे. उत्तरेत सोनीपतला अशोका आणि जिंदाल. परवडत असेल, शिष्यवृत्ती मिळत असेल, तर जरूर जावं. वर्ग लहान असतात, लिखाणावर मेहनत घेतात. पण त्यासाठी रान विकायचं? नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या साध्या कॉलेजांतही मेजर, मायनर, खुले विषय आणि चौथ्या वर्षाची सोय आलीय. सगळीकडे ती नीट राबवली जाते असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ‘मायनर निवडा’ म्हणजे ‘ज्या विषयाला शिक्षक शिल्लक आहे तो घ्या’. तरीही स्वारगेटहून टिळक रोडनं निघालं की चालत पोचता येणारं, १९१६ साली स्थापन झालेलं एस.पी. कॉलेज आहे. तिथून पुढे फर्ग्युसन आहे, १८८५चं. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र तिन्ही हाताशी, आणि फीसाठी ऊस पुरतो.

मग कॉलेज निवडायचं कसं? माहितीपत्रकावर पृथ्वीचा गोल आणि रंगीबेरंगी झेंडे छापलेले असतात, ते बाजूला ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागा. छापील अभ्यासक्रम नव्हे, वेळापत्रकच. अभ्यासक्रमात ‘पश्चिम आशियाचं राजकारण’ दिमाखात असतं. वेळापत्रकात ते सापडत नाही, कारण दोन वर्षं कुणी शिकवलेलंच नसतं. अर्थशास्त्राचे किमान दोन पेपर घेता येतात का बघा. व्यापार, कर्ज, चलन कळल्याशिवाय परराष्ट्र धोरण म्हणजे नुसती हस्तांदोलनांची छायाचित्रं. इतिहास येतो का बघा. वर्षाला किती निबंध लिहून घेतात आणि ते तपासून परत देतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये विचारा. कार्यालयात विचारू नका.

आणि ग्रंथालय बघा. माझा एक हट्ट म्हणा. गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय १९०५ साली भारत सेवक समाजाचं म्हणून सुरू झालं, आज त्याला धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे. संयुक्त राष्ट्रांची प्रकाशनं वर्षानुवर्षं तिथं जमा होत आलीत. डेक्कनच्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर एवढा ऐवज आहे, आणि मुलं मात्र ‘पुण्यात मटेरियल मिळत नाही’ म्हणून दिल्लीच्या क्लासच्या झेरॉक्स मागवतात.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो.

पदवीलाच हा विषय घेतला नाही तर पुढे दार बंद? जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजच्या राजकारण व आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

पुण्यात पुढचं काही नाही? विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग आहे, संरक्षण व सामरिक शास्त्राचा वेगळा आहे.

आधी फ्रेंच यायलाच हवी? परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर भाषा नेमून देतात आणि शिकवतात. मुळे जपानी शिकले ते टोकियोत. भाषेची हौस असेल तर मात्र रानडे इन्स्टिट्यूट आहेच, आणि जपानीसाठी स्वारगेटच्या मागे मुकुंदनगरात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ.

मराठी माध्यमाला जागा नाही? मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. इंग्रजीचा एक पेपर फक्त पास व्हावा लागतो. तो मात्र व्हावाच लागतो.

इंटरनॅशनल म्हणजे परदेशात नोकरी? पदवी म्हणजे व्हिसा नव्हे.

परराष्ट्र मंत्रालयात जायला यूपीएससी हा एकच रस्ता? स्टाफ सिलेक्शनच्या पदवीस्तर परीक्षेतूनही तिथं सहायक कक्ष अधिकारी भरतात.

परदेशातली पदवी आपोआप चालते? समकक्षता आधी तपासा. आणि देशातल्या नव्या संस्थेचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी. ‘इंटरनॅशनल डिप्लोमा’ला पदवी समजून बसलेली दोन मुलं मी स्वतः पाहिलीत.

संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप केली की नोकरी पक्की? सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि न्यूयॉर्कचं घरभाडं तर घरूनच भरायचं असतं.

दुपारी मी कराडच्या त्या बापलेकीला टिळक रोडच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. मुलीनं सकाळपासून चार वाक्यंही उच्चारली नव्हती. सिग्नलला उभं असताना ती म्हणाली, “सर, इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घेतलं तर वेळापत्रकात क्लॅश होतो का?” मी म्हटलं, हाच प्रश्न कॉलेजात जाऊन विचार. वडील मात्र अजून समुपदेशकाकडेच होते. त्याला दिलेले पैसे परत मागावेत का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. पावती आहे का, असं मी विचारलं. नव्हती.