माळरानाचा चिंकारा

ओळख : खांद्याशी उंची सुमारे ६५ सेंमी. अंग तांबूस, पोट पांढरं, डोळ्यापासून नाकपुडीकडे उतरणारा गडद पट्टा. नराची शिंगं वळ्यांची, मादीची बारीक. काळी शेपटी सतत हलती.

अधिवास : कवठे महांकाळ, जतकडच्यासारखी कमी पावसाची माळरानं, कुसळी, मारवेल, बोरी-बाभळी.

पाणी : पाला, फळं आणि दवावर बरीचशी तहान भागते.

संरक्षण : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ : पहिली अनुसूची. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौ. किमी.

धोके : ‘पडीक’ समजून माळ नांगरणं, गवतावर सरसकट वृक्षलागवड, मोकाट कुत्री, शिकार.

तुम्ही काय कराल? : माळावर झाडं लावण्याआधी तिथलं गवत आणि त्यावर जगणारे जीव पाहा. शिकार दिसल्यास वन विभागाला १९२६ वर लगेच कळवा.