पट्टे पडद्यावर, दोष जमिनीत

परभणीच्या मोंढ्यातली आडत, मानवतची जिनिंग, गंगाखेडचं मेडिकल दुकान, खेड्यातलं कृषी सेवा केंद्र. कॅमेरे आता सगळीकडे पोचलेत. चोरी झाली की पहिला प्रश्न येतो, ‘फुटेज आहे का?’ फुटेज असतं, पण त्यावर आडवे पट्टे सरकत असतात, नाहीतर नेमकी रात्रच कोरी निघते. मग ‘कॅमेरा गेला’ असा निकाल लागतो आणि नवा कॅमेरा बसवला जातो. काही दिवसांत पट्टे पुन्हा हजर! दोष कॅमेऱ्यात नव्हताच. चित्र कधी आणि कसं बिघडतं हे नीट पाहिलं, तर दोष कुठे आहे याचा माग बहुतेक वेळा लागतो.

सरकणारा पट्टा

डीव्हीआरला कोॲक्सियल वायरने जोडलेल्या कॅमेऱ्यांवर एक रुंद, काळसर किंवा फिकट आडवा पट्टा संथपणे वर-खाली सरकताना दिसतो. हा पट्टा विजेचा. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा आणि कॅमेरा सेकंदाला साधारण 25 चित्रं काढतो. दोन्हींचा मेळ जवळजवळ बसतो, पण तंतोतंत नाही. म्हणून पट्टा एका जागी न थांबता रांगत राहतो.

वीज चित्राच्या वायरीत शिरते कुठून? कॅमेरा गोदामाच्या लोखंडी खांबावर असतो, डीव्हीआर दुकानात. खांब जमिनीत रोवलेला, डीव्हीआर अर्थिंगला जोडलेला. या दोन जागांच्या जमिनीत व्होल्टचा फरक असला, की वायरीच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आपल्याकडे या दुखण्याला काळ्या मातीची साथ आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगा पडल्या की अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते, ओल जाते आणि जमिनीशी असलेला संपर्क कमकुवत होतो. पावसाळ्यात स्वच्छ दिसणारं चित्र एप्रिल-मे महिन्यांत पट्टे दाखवू लागलं, तर अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी टाकलं होतं ते आठवून पाहा.

खात्री करणं सोपं आहे. संशयित कॅमेऱ्याची वायर डीव्हीआरमधून काढा. वायरीच्या पिनेचं बाहेरचं धातूचं कडं आणि डीव्हीआरचं सॉकेट यांच्यात मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एखाद-दोन व्होल्ट दिसले तरी लूपचा संशय पक्का. दहा-वीसच्या वर आकडा गेला, किंवा डीव्हीआरच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. उपाय दोन: कॅमेरा आणि खांब यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पेटी किंवा रबर घालून धातूचा संबंध तोडणं, नाहीतर वायरीवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावणं. पट्टा जातो म्हणून डीव्हीआरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. पट्टा जाईल, पण जिवाला धोका राहील.

ट्यूबलाइटखाली लुकलुक

दिवसा उजेडात चित्र ठीक, पण ट्यूब पेटली की पट्टे धावतात किंवा चित्र लुकलुकतं. असं असेल तर वायर उकरू नका, सेटिंग उघडा. तिथे 60 हर्ट्‌झ किंवा एनटीएससी निवडलेलं असेल, तर ते 50 हर्ट्‌झ किंवा पीएएल करा. खर्च शून्य.

रात्रीच जाणारं चित्र

अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. वायर बारीक आणि लांब असेल तर ती वीज वाटेतच खर्च होते. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याची वायर 50 मीटर नेली, तर जाऊन-येऊन साधारण साडेतीन ओहम रोध होतो. अर्धा ॲम्पिअर ओढला की जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. बारा व्होल्टचे सव्वादहा उरतात आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीत तूट आणखी वाढते. अशा वेळी जाड वायर घ्या किंवा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ बसवा.

रात्री चित्र जात नाही, नुसतं पांढुरकं होतं? मग काचेवर धूळ, जिनिंगमधली रुई किंवा कोळ्याचं जाळं असेल. ओल्या मऊ फडक्याचं काम आहे.

मोटर, पाऊस आणि जॉइंट

मोटर किंवा वेल्डिंग सुरू होताच बारीक तिरप्या रेघा किंवा ठिपके उमटले, तर चित्राची वायर विजेच्या वायरीला खेटून गेली आहे. दोन्हींत किमान फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. पाऊस लागल्यावर रंग उडून चित्र काळं-पांढरं झालं, तर भिंतीवर उघड्या पडलेल्या जॉइंटमध्ये पाणी गेलेलं असतं. लांबलेल्या किंवा खराब वायरीत रंगाचा सिग्नल आधी क्षीण होतो. पीन बदला आणि जॉइंट पेटीत बंद करा. नेटवर्क वायरीवरच्या आयपी कॅमेऱ्यात पट्टे सहसा येत नाहीत. चित्र गोठतं किंवा चौकोन पडतात. तिथे पीन, स्विच आणि 100 मीटरची मर्यादा तपासा.

निकाल देणारी अदलाबदल

इतकं करूनही उलगडा झाला नाही, तर वायर डीव्हीआरच्या दुसऱ्या सॉकेटात लावा. बिघाड वायरीबरोबर सरकला तर डीव्हीआर निर्दोष. मग कॅमेरा उतरवून डीव्हीआरजवळ आणा आणि आखूड वायर व वेगळा अडॅप्टर लावा. चित्र स्वच्छ दिसलं तर दोष वायर, वीज किंवा जमिनीचा. तरीही बिघडलेलं दिसलं तरच कॅमेरा बदला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार फुटेज प्रमाणपत्रासह न्यायालयात पुरावा म्हणून देता येतं. पण चेहराच दिसत नसेल, तर प्रमाणपत्र काय कामाचं? तेव्हा महिन्यातून एकदा मध्यरात्रीचं रेकॉर्डिंग उघडून पाहा, आणि उन्हाळ्यात झाडांबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यालाही बादलीभर पाणी घाला.