सहा गठ्ठ्यांचे दफ्तर

शासकीय कचेरीत काम का तुंबते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा माणसांच्या स्वभावात शोधले जाते. कारकून आळशी, अव्वल कारकून उदासीन, साहेब दौऱ्यावर, अशी त्याची ठरीव रूपे आहेत. परंतु ज्याने एखाद्या संकलनाचे, म्हणजे कचेरीतील एखाद्या विषयशाखेचे, दफ्तर स्वस्थपणे उलगडून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही की, तेथील माणसाच्या दिवसाचा फार मोठा भाग कागद शोधण्यात, एकच नोंद निरनिराळ्या वह्यांत उतरवण्यात आणि दाराशी आलेल्या अर्जदाराला उत्तर देण्यासाठी तोच कागद पुन्हा शोधण्यात खर्ची पडतो. प्रकरणावर विचार करून टिपणी लिहिण्यासाठी जो वेळ उरतो, तो दिवस कलल्यानंतरचा आणि थकलेल्या मनाचा असतो.

या कालापव्ययाकडे प्रशासनाचा मूळ प्रश्न म्हणून पाहणारे एक जिल्हाधिकारी महाराष्ट्राला 1980 च्या दशकाच्या प्रारंभी लाभले. अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात कचेरीच्या बैठकीची रचना, प्रत्येकाच्या कामाची लेखी वाटणी आणि अभिलेखांचे वर्गीकरण अशा वरकरणी किरकोळ गोष्टींना हात घातला. वरिष्ठ अधिकारी ज्या बाबी सामान्यतः हेडक्लार्कवर सोडून मोकळा होतो, त्यांत जिल्ह्याच्या प्रमुखाने जातीने लक्ष घातले, हे मला त्या प्रयोगातील सर्वांत मोठे धारिष्ट वाटते. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने तो पुढे राज्यभर ओळखला गेला.

त्याच शिस्तीच्या परंपरेत महाराष्ट्रातील कचेऱ्यांना परिचित असलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत येते. बारनिशीत आवक झालेला कागद संबंधित कारकुनाकडे येतो, त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो आणि तेथून पुढे सहांपैकी एका गठ्ठ्यात त्याची जागा ठरते. ज्यांवर आपल्यालाच कार्यवाही करावयाची आहे ती प्रलंबित प्रकरणे पहिल्या गठ्ठ्यात. ज्यांवर पत्र धाडून झाले असून दुसऱ्या कचेरीच्या उत्तराची वाट पाहावयाची आहे ती प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात. ठरावीक मुदतीला वर पाठवावयाची नियतकालिके तिसऱ्यात. शासननिर्णय आणि परिपत्रके यांची स्थायी आदेश संचिका चौथ्यात. निकाली निघून अभिलेख कक्षाकडे जावयाचे कागद पाचव्यात. आणि अल्प मुदतीनंतर नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद सहाव्यात. यांतील पहिल्या दोन गठ्ठ्यांची फारकत मला विशेष मोलाची वाटते. ती नसेल तर कारकुनाला सगळाच ढिगारा आपल्या माथ्यावरचा वाटतो, तगादा कोठे करावयाचा आणि लेखणी कोठे उचलावयाची हे रोज नव्याने ठरवावे लागते, आणि स्मरणपत्राची तारीख उलटून गेल्याचे अर्जदार येऊन सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ती असेल तर आठवड्याचा गोषवारा काढणे हे थोडक्या वेळाचे काम होते आणि वरिष्ठालाही खरी थकबाकी किती, हे कोणाला दरडावल्यावाचून कळते.

राज्याने 2005 साली बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. कर्मचाऱ्याचा पदावधी सामान्यतः 3 वर्षांचा राहील आणि कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे कामाच्या 7 दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहणार नाही, असे तो सांगतो. विलंबाला कायद्याने मनाई करणे इष्टच होते. मात्र 7 दिवसांची मर्यादा पाळण्यास लागणारी उसंत कायद्याच्या कलमातून येत नाही, ती दफ्तराच्या मांडणीतून येते. बदलून आलेल्या ज्या माणसाला लावलेले सहा गठ्ठे मिळतात, तो त्याच आठवड्यात कामाला लागतो. ज्याला बांधलेले रुमाल आणि तोंडी खुलासा मिळतो, त्याचे कित्येक दिवस नुसते काय कोठे आहे हे कळण्यात जातात. 2017 मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालविली, तिच्या मुळाशीही अभिलेखांची निंदणी आणि रोजचे काम रोज उरकणे हीच साधी सूत्रे होती.

काही वेळा तर सुधारणा म्हणजे एखादे काम बंद करणे एवढीच असते. दाखल्याची छायांकित प्रत साक्षांकित करण्यासाठी वर्षानुवर्षे राजपत्रित अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्के खर्ची पडले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2009 च्या बाराव्या अहवालात स्वयंप्रमाणनाचा पुरस्कार केला, आणि महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये स्वयंघोषणा व स्वयंसाक्षांकन स्वीकारले. अर्जदाराची पायपीट वाचली, याची दखल पुष्कळांनी घेतली. तितकाच वेळ दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याचाही मोकळा झाला, हे फारसे कोणी बोलले नाही.

दफ्तराच्या सुधारणांचा मात्र एक दोष मान्य केला पाहिजे: त्या अधिकाऱ्याबरोबर येतात आणि त्याच्या बदलीबरोबर विरतात. सहावा गठ्ठा महिनोन्‌महिने उघडला जात नाही, पाचवा अभिलेख कक्षाच्या दाराशी अडतो, आणि नवा कागद पुन्हा जुन्याच ढिगाऱ्यावर पडू लागतो. आता संगणकावरील ई-ऑफिस आले आहे, ते योग्यच आहे. परंतु वर्गीकरण न करता सरसकट सगळे कागद त्यात चढविले, तर शोधाशोध टेबलावरून पडद्यावर जाईल, इतकेच. म्हणून कार्यालयप्रमुखांना माझी विनंती आहे की, नवी यंत्रणा बसविण्याच्या आदेशावर सही करण्यापूर्वी त्यांनी आपल्या संकलनांत स्वतः जाऊन हे सहा गठ्ठे एकदा उघडून पाहावेत, आणि ते लावण्यासाठी कारकुनांना दर आठवड्यास एक ठरलेली वेळ लेखी आदेशाने द्यावी.